गोल अक्षर

मराठीच्या प्राध्यापकाला अक्षरांचा अर्थ कळावा अशी लोकांची अपेक्षा असते. अक्षरांचा आकारही कळावा, असे कोणी म्हणत नाही. मलाही तो कळत नव्हता. गेल्या श्रावणात तो मला आईने शिकविला.

आईच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला आहे आणि गोळ्या मात्र वाढल्या आहेत. म्हणून मी संगणकावर तिच्यासाठी औषधांचा तक्ता केला. कन्येने सुचविले, "बाबा, तो गोल टाइप घ्या ना, छान दिसतो." घेतला. जाड, गुबगुबीत, टोके गोलावलेली अक्षरे. जणू ताटात मांडलेले बेसनाचे लाडू! सारे एका पानात बसावे म्हणून तीच अक्षरे बारीक केली, तक्ता भिंतीवर लावला आणि निर्धास्त झालो.

चौथ्या रात्री पाणी प्यायला उठलो, तो आई स्वयंपाकघरात बसलेली. पुढ्यात भांडे, हातात गोळी.

"आई, अजून जागी?"

"एकाला दहा मिनिटं आहेत अजून. तूच लिहिलंयस ना, रात्री १?"

तक्त्यापाशी जाऊन पाहिले. तिथे ९ होता. तीन रात्री ती माझ्या सुंदर अक्षरापायी अशी जागत बसली होती.

मग मी या टाइपाच्या मागेच लागलो. जर्मनीत पाउल रेनर यांनी १९२७ साली 'फ्युचुरा' आणला. वर्तुळ आणि सरळ रेघ यांवर बेतलेला, शेपट्या छाटलेला. पुढे टोकेही गोल झाली. १९७९ साली फोक्सवॅगनसाठी घडविलेला 'व्हॅग राउंडेड' ॲपलच्या संगणकांच्या कळांवर कित्येक वर्षे मिरवला. एका कळेवर एकच ठसठशीत अक्षर. तिथे तो शोभतोच. पाट्यांवरही शोभतो; निऑनच्या नळीचे टोक मुळातच गोल असते.

पण नुसत्या कंपासाने अक्षर होत नाही. रोमन 'ओ' रेषेच्या किंचित खाली उतरवावा लागतो, नाहीतर तो शेजाऱ्यांहून लहान भासतो. आपल्या देवनागरीला तर बोरूच्या तिरप्या कापाचे जाड-बारीक वळण. भ आणि म, घ आणि ध, १ आणि ९ यांतला फरक एखाद्या गाठीचा, एखाद्या वळशाचा. रेघ जाड आणि अक्षर बारीक केले की आतली पोकळी बुजते आणि वळसा हरवतो.

दोष टाइपाचा नव्हे. इंडियन टाइप फाउंड्रीच्या २०१४ सालच्या 'पॉपिन्स'मध्ये निनाद काळे यांनी देवनागरीही वर्तुळावरच बेतली आहे, आणि ती नीट वाचता येते. मुंबईच्या 'एक टाइप'चा 'बलू' गुबगुबीत खरा, पण मथळ्यात तो किती गोड दिसतो! मथळ्याचे अक्षर मी औषधाच्या कामाला जुंपले, ही चूक माझी.

नवा तक्ता साध्या, मोठ्या टाइपात दोन पानांवर केला. मथळा तेवढा कन्येसाठी गोल ठेवला. वेळ मात्र आकड्यात न घालता अक्षरी लिहिली : रात्री नऊ.

आईने तो हातभर लांब धरून वाचला. "हं," एवढेच म्हणाली.

त्या रात्री सव्वानऊला तिच्या खोलीतला दिवा मालवला.