सलंगाची रेताड माती ओली करून तपासा

दरवर्षी मृगाच्या तोंडावर तलावाची चर्चा निघते ती पाळीची. पाळीला भेग पडली का, उंदीर-घुशीची बिळे आहेत का, गाळ किती निघाला. हे सर्व पाहायलाच हवे. पण जादा पाणी ज्या वाटेने बाहेर पडते तो सांडवा, म्हणजे आपल्याकडचा सलंग, कशावर उभा आहे हे सहसा कोणी पाहत नाही. भंडारा-गोंदियाकडील पुष्कळ मामा तलावांचे सलंग सिहार किंवा त्याहून रेताड जमिनीतून काढलेले आहेत. तिथे पाळ शाबूत राहूनही तलाव रिकामा होऊ शकतो.

हे कसे घडते ते समजून घ्या. सलंगावरून पडणारे पाणी आधी खालच्या टोकाला माती उचलते. तिथे खड्डा पडतो, पायरी तयार होते. मग ती पायरी ढासळत ढासळत तलावाकडे मागे सरकते. माथ्यापर्यंत पोहोचली की साठलेले पाणी त्याच वाटेने धावते आणि खालच्या बांध्या रेतीखाली जातात. चिकण माती पाण्याशी काही वेळ झुंजते, कारण तिचे कण एकमेकांना धरून असतात. रेतीत ही धरणूक नाही. तिथे दाणा फक्त वजनाने आणि घर्षणाने टिकतो.

आता हिशेब पाहू. अमेरिकेतील फोर्टियर आणि स्कोबी या अभियंत्यांनी १९२६ साली जुन्या मुरलेल्या कालव्यांवरून मर्यादा ठरवल्या. स्वच्छ पाण्यात बारीक रेती सेकंदाला सुमारे दीड फूट वेगापर्यंत टिकते, रेताड पोयटा पावणेदोन फुटांपर्यंत, घट्ट चिकण माती पावणेचार फुटांपर्यंत. उलट सलंगाच्या माथ्यावर एक फूट पाणी चढले तर त्याचा वेग सेकंदाला साडेचार फुटांच्या वर जातो. दोन फूट चढले तर साडेसहा. पुढे उतार असेल तर आणखी वाढतो. म्हणजे फूटभर पाण्यातच बारीक रेतीची मर्यादा तिपटीने ओलांडली जाते.

मातीची झीज किती सहज होईल हे आकड्यात मांडण्याची एक पद्धतही अमेरिकेच्या मृदा संवर्धन खात्याने सांडव्यांसाठी स्वीकारली आहे. चार आकड्यांचा गुणाकार करायचा: मातीचा कणखरपणा, खडकाच्या तुकड्यांचा आकार, सांध्यांतील घर्षण आणि थरांची दिशा. रेतीला ना तुकडे ना थर, म्हणून ते दोन आकडे एकच धरतात. मध्यम घट्ट रेतीचा गुणाकार ०.०६ च्या आसपास येतो. सलग कठीण खडकाचा शेकड्यांत, हजारांत जातो. फरक एवढा मोठा आहे.

कणखरपणा गावातही अजमावता येतो. १२ मि.मी. जाडीची सळई घ्या. हाताच्या दाबाने सहज आत गेली तर रेती भुसभुशीत. अडीच किलोच्या हातोड्याने सहज गेली तर मध्यम. ठोकून जेमतेम फूटभर गेली तर घट्ट. पण एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवा. वैशाखात हीच जमीन पहारेला दाद देत नाही आणि आपण म्हणतो, सलंग दगडासारखा आहे. ती ताकद कोरडेपणाची असते, पाणी लागले की जाते. म्हणून आधी खड्डा करून पाणी भरा, रात्रभर मुरू द्या, सकाळी तिथे सळई ठोका.

जोडीला बाटलीची परीक्षा करा. काचेच्या बाटलीत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर कपडे धुण्याची पावडर टाकून खूप हलवा. पहिल्या एक-दोन मिनिटांत तळाशी बसते ती रेती. तिथे खूण करा. दुसऱ्या दिवशी बसलेल्या सगळ्या मातीशी ताडून बघा. रेती बारा आण्यांहून जास्त असेल तर त्या सलंगावर उघड्या मातीने भरवसा ठेवू नका.

मोठ्या धरणांनाही हा नियम चुकत नाही. फेब्रुवारी २०१७ मध्ये कॅलिफोर्नियातील ओरोव्हिल धरणाच्या आपत्कालीन सांडव्यावरून क्षमतेच्या मानाने अगदी थोडे पाणी गेले. तरी काँक्रीटच्या माथ्याखालची माती आणि कुजका खडक झपाट्याने खचत माथ्याकडे सरकला. सुमारे १ लाख ८८ हजार लोकांना घरे सोडावी लागली. आपल्याकडे धरण सुरक्षा कायदा २०२१ साली झाला, पण तो १५ मीटरहून उंच आणि काही अटींवर १० ते १५ मीटरच्या धरणांसाठी आहे. गावचा तलाव सहसा त्यात बसत नाही. तेव्हा पहिली नजर गावाचीच हवी.

उपाय काय? पहिला, जास्त पाणी साठावे म्हणून सलंगावर पोती किंवा माती रचू नका. त्याने पाणी पाळीवरून जाण्याचा धोका वाढतो. पोती एकदम वाहिली तर खालच्या रेतीवर लोंढा पडतो तो वेगळाच. दुसरा, गाळ काढताना सलंगातून किंवा त्याच्या पुढच्या नाल्यातून मुरूम-रेती उचलू देऊ नका. तिसरा, शक्य तिथे रुंदी वाढवा. रुंदी दुप्पट झाली तर दोन फुटांचे पाणी सव्वा फुटावर येते. चौथा, हरळी लावा. लवकर झिजणाऱ्या मातीवरही चांगली दाटलेली हरळी सौम्य उतारावर सेकंदाला सहा फूट वेग पेलते. मात्र ती एक हंगाम आधी लावलेली हवी. पाचवा, दगडी पिचिंग करताना दगडाखाली गिट्टीचा थर द्या. नाहीतर फटीतून रेती निघून जाते आणि दगड बसतात.

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकाऱ्यांना विनंती की सळईचे आणि बाटलीचे निकाल ठरावासोबत लिहून जिल्हा परिषदेच्या लघु पाटबंधारे विभागाकडे पाठवावेत. 'सलंग खराब आहे' या तक्रारीपेक्षा 'ओल्या जागी सळई हाताने आत गेली' हे वाक्य अभियंत्याला लवकर हलवते. खर्च एका सळईचा आणि एका सकाळचा. तलाव गेला तर धानाचा हंगाम जातो.