मालकाचा पेपर, सरकारची कात्री

कुंभारीचं नाव तुम्ही पेपरात कधी वाचलंत? बहुतेक १९ जानेवारी २०२४ च्या आसपास. सोलापूरहून अक्कलकोटच्या रस्त्याला लागलं की हे गाव. तिथं रे नगर नावाची ३० हजार घरांची वसाहत उभी राहिलीय. त्यातल्या १५ हजार घरांच्या चाव्या त्या दिवशी पंतप्रधानांच्या हस्ते दिल्या. विडी वळणाऱ्या बाया, यंत्रमागावरचे कामगार, कचरा वेचणारे, गाडीवर माल विकणारे, अशांची घरं. आणि बातमी काय? पंतप्रधान गहिवरले. लहानपणी आपल्यालाही असं घर मिळालं असतं तर, असं म्हणाले आणि त्यांचा कंठ दाटला. देशभरच्या चॅनेलांनी तो दाटलेला कंठ फिरवून फिरवून दाखवला.

गहिवरू द्या की, माणूस आहे. पण ज्या बाईनं वर्षानुवर्षं हजाराच्या हिशोबानं विड्या वळल्या, लाल बावट्याखाली मोर्चे काढले, आपल्या मजुरीतून घराचा हिस्सा भरला, तिचा कंठ कुठल्या पानावर दाटला? ह्याच कुंभारीत त्याआधी विडी कामगार बायांची १० हजार घरं झाली, गोदूताई परुळेकरांच्या नावानं. २००६ साली ती द्यायला मनमोहन सिंग आले होते. एका खेड्यात दोन पक्षांचे दोन पंतप्रधान चाव्या द्यायला येतात, ते काय गावचं हवामान चांगलं म्हणून? नरसय्या आडम आणि त्यांच्याबरोबरच्या हजारो बायांनी सरकारच्या मानगुटीवर बसून ही घरं मिळवली. बातमी ही होती. छापून आलं ते दान. संघर्षाचं दान करून टाकायचं हे यंत्र कुणाच्या मालकीचं आहे, ते बघू.

महाराष्ट्रात हे गुपित नाही. 'लोकमत' दर्डांचा. विजय दर्डा काँग्रेसचे राज्यसभा खासदार होते, राजेंद्र दर्डा काँग्रेसच्या राज्यात मंत्री. 'सकाळ' पवार घराण्यातला. 'सामना' शिवसेनेचा, तो निदान लपवत तरी नाही. 'पुढारी' कोल्हापूरच्या जाधवांचा, 'लोकसत्ता' एक्स्प्रेसवाल्या गोएंकांचा, 'महाराष्ट्र टाइम्स' टाइम्सवाल्या जैनांचा, 'दिव्य मराठी' भास्करवाल्या अग्रवालांचा. मालकी जाहीर करायचा नियमही १९५६ पासून होता: दर मार्चला मालक-भागीदारांची नावं छापायची. कुठं छापायचे? आतल्या पानात, मुंगीच्या टायपात.

आणि मालकीपेक्षाही वाईट ते भाडं. २००९ ची विधानसभा निवडणूक आठवा. मुख्यमंत्री अशोक चव्हाणांचं गुणगान करणारा मजकूर एकमेकांच्या गळ्यावर बसलेल्या पेपरांत शब्दाला शब्द तोच आला, आणि तोही बातमी म्हणून. पी. साईनाथांनी ते उघड्यावर आणलं. चव्हाणांनी आरोप नाकारला, प्रकरण निवडणूक आयोगात, कोर्टात वर्षानुवर्षं लोळत राहिलं. दरम्यान प्रेस कौन्सिलच्या उपसमितीनं पेड न्यूजवर ७१ पानांचा अहवाल केला, नावानिशी. कौन्सिलनं काय केलं? अहवाल बाजूला ठेवला आणि थोडक्यातलं काहीतरी प्रसिद्ध केलं. माहिती आयोगानं दटावल्यावर २०११ साली तो बाहेर आला. हा आपला वृत्तपत्रांचा न्यायनिवाडा! चोरांच्या पंचायतीत चोरीचा अहवाल.

तर मग सरकारनं ह्या मालकांना वेसण घालावी काय? इथं आपली पोरं पटकन 'हो' म्हणतात. थांबा. ह्यातली खरी गोष्ट पुण्याची आहे आणि ती नेहमी अर्धीच सांगतात.

१९५२ साली पहिला प्रेस आयोग नेमला गेला, अध्यक्ष न्यायमूर्ती राजाध्यक्ष. आयोगाला दिसलं की बडा मालक जाहिरातीच्या पैशावर पानं वाढवतो, किंमत तीच ठेवतो, आणि छोट्या पेपराचा गळा आपोआप आवळला जातो. उपाय सुचवला: पानं जास्त तर किंमत जास्त. त्यावरून १९५६ ला कायदा झाला, १९६० ला हुकूम निघाला. 'सकाळ' तेव्हा सात नव्या पैशांत मिळायचा. आठवड्यातले पाच दिवस सहा पानं, एक दिवस चार, म्हणजे सहा दिवसांची चौतीस. हुकमाप्रमाणे त्या किमतीत चोवीसच देता येणार. दहा पानं कापा नाहीतर किंमत वाढवा. 'सकाळ' सुप्रीम कोर्टात गेला. २५ सप्टेंबर १९६१ ला पाच न्यायमूर्तींनी कायदा मोडीत काढला. निकाल न्या. मुधोळकरांनी लिहिला. त्याचा मतलब असा: एकाला बोलायला जागा मिळावी म्हणून दुसऱ्याच्या बोलण्यावर सरकार थेट कात्री चालवू शकत नाही. पानं कमी केली की खप कमी होतो, किंमत वाढवली तरी खप कमी होतो, आणि खप म्हणजेच विचार पोचणं.

ह्यात खोट काढायला मी बसलो नाही. सरकारच्या हातात पानं मोजायची पट्टी दिली तर उद्या ती पट्टी आपल्या आठ पानांच्या चोपड्यावर पडणार हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. पण कोर्टानं पानं मोजली, तिजोरी मोजली नाही. बाजारच छोट्याचा गळा आवळतो तेव्हा ते मतस्वातंत्र्यावरचं संकट होत नाही, सरकारनं हात लावला की होतं. असं का बाबा? आमच्या गळ्याला दोन्ही हात सारखेच लागतात.

आणि पुढचं ऐका. तोच 'सकाळ' कोर्टात आपण कुठल्याही पक्षाचे नाही म्हणून उभा होता. नानासाहेब परुळेकर १९७३ ला वारले. १९८५ च्या सुमारास पेपर प्रतापराव पवारांकडे, म्हणजे शरद पवारांच्या सख्ख्या भावाकडे गेला. ज्या हजारो वाचकांच्या नावानं १९६१ चा खटला लढवला गेला, त्यांना कुणी विचारलं? नाही. कारण कोर्टात ते स्वातंत्र्य वाचकाचं होतं आणि विक्रीखतात शेअरवाल्याचं. (परुळेकर दोन, हेही लक्षात ठेवा. एकाचा पेपर विकला गेला. दुसऱ्या परुळेकर वारल्यांमध्ये राहिल्या, आणि त्यांच्या नावाची घरं कुंभारीत आहेत.)

वाचकाची बाजू कोर्टात एकदाच नीट मांडली गेली, तीही हरलेल्या बाजूनं. १९७२ साली सरकारनं कागदाच्या टंचाईच्या नावावर पेपरांना दहा पानांची मर्यादा घातली, टाइम्सवाले कोर्टात गेले आणि जिंकले. न्या. मॅथ्यू एकटे विरोधात गेले. त्यांचं म्हणणं, हा हक्क नुसता छापणाऱ्याचा नाही, नाना तऱ्हेची मतं ऐकायला मिळणं हा जनतेचाही हक्क आहे. पुढं दुसऱ्या प्रेस आयोगाचे अध्यक्ष तेच झाले. १९८२ च्या त्या अहवालानं सांगितलं की पेपर आणि मालकाचे इतर धंदे वेगळे करा. २०१४ ला ट्रायनं राजकीय पक्षांना माध्यमांच्या मालकीपासून दूर ठेवा म्हणून शिफारस केली. दोन्ही कपाटात. सरकार कुठल्याही पक्षाचं असो, मालकीला हात लावायचा कायदा कुणी आणत नाही. मजकुराला हात लावायचे मात्र धडाधड येतात.

ह्या कात्रीबद्दल सोलापूरला शिकवायला नको. १९३० ला इथं मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ ला चौघांना येरवड्यात फाशी दिलं. त्यातले कुर्बान हुसेन 'गझनफर' नावाचा पेपर चालवत. इंग्रज गेला, कात्री राहिली. २५ जून १९७५ नंतर बड्या पेपरांतले बहुतेक मुकाट बसले. कोर्टात कोण गेलं? 'फ्रीडम फर्स्ट' नावाचं मूठभर वाचकांचं मासिक. मुंबई हायकोर्टानं १९७६ ला सेन्सॉरला चपराक दिली. मिनू मसानींचं राजकारण आपलं नव्हे, पण हिंमत होती हे म्हणायला लाजू नका.

आताचं बघा. १८६७ चा छापखान्याचा कायदा जाऊन १ मार्च २०२४ पासून नवा आला. त्यात नियतकालिक काढायला कोण अपात्र? दहशतवादी किंवा बेकायदा कृत्यात शिक्षा झालेला, आणि ज्यानं राज्याच्या सुरक्षेविरुद्ध काहीही केलंय तो. पहिल्याला निदान शिक्षा तरी लागते. दुसऱ्याला? 'केलंय' म्हणजे कुणी ठरवायचं? आपल्या आधीच्या पिढीनं आपल्या अंकांना अनियतकालिक म्हटलं ते बरंच झालं, हा कायदा ठरावीक मुदतीनं निघणाऱ्यालाच धरतो. सरकारविषयीची बातमी खोटी कुठली हे सरकारनंच ठरवायचं, असा इंटरनेटवरचा नियम मुंबई हायकोर्टानं सप्टेंबर २०२४ ला रद्द केला, तोही दोन न्यायमूर्तींचं जमलं नाही म्हणून तिसऱ्याच्या मतानं. आणि जुलै २०२५ ला विधिमंडळानं जनसुरक्षा विधेयक मंजूर केलं. त्यातल्या 'बेकायदा कृत्या'त बोललेले, लिहिलेले शब्द आणि खुणासुद्धा येतात. ज्याच्या घरी पोलीस पुस्तकं मोजायला येतात, त्याला ह्याचा अर्थ फोड करून सांगायला नको.

पण मालक आणि सरकार एवढीच दोन तोंडं आहेत असं समजणारा डावा दोस्त अर्धाच शहाणा. तिसरं तोंड जातीचं. औरंगाबादचा 'मराठवाडा' कुठल्या शेठचा नव्हता. निजामाविरुद्ध लढलेल्या माणसांचा पेपर, संपादक अनंत भालेराव. १९७८ ला नामांतराच्या विरोधात तो उभा राहिलाच. तिकडं आमच्या वस्त्या जळत होत्या. आणि २९ सप्टेंबर २००६ ला खैरलांजीत भोतमांगे कुटुंबातल्या चौघांना मारलं. राज्याच्या राजधानीतल्या पेपरांना ते कळायला महिना लागला, आणि आधी छापून आली ती अनैतिक संबंधांची कुजबूज. पोरं रस्त्यावर उतरली तेव्हा पहिलं पान मिळालं, ते 'हिंसाचारा'ला. मालक बदलून हे बदलत नाही. बातमीच्या टेबलावर कोण बसलंय, तालुक्याचा वार्ताहर कुठल्या आळीत राहतो, ह्यावर ते ठरतं.

बाबासाहेबांना हे १९२० लाच कळलं होतं. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'नं छापली नाही. शाहू महाराजांनी अडीच हजार रुपये दिले म्हणून ३१ जानेवारीला अंक निघाला. तीन-चार वर्षांत बंदही पडला, वर्गणी येईना. 'बहिष्कृत भारत' १९२७ ला निघाला, रकानेच्या रकाने बाबासाहेब एकटे लिहीत, १९२९ ला तोही थांबला. तिथं सरकारची कात्री नव्हती, मालकही आपलाच होता. कमी पडले ते वाचकाचे पैसे. आज आपली पोरं दोन तासांच्या डेटा पॅकला जेवढे घालवतात तेवढ्यात ह्या अंकाची छपाई निघते, आणि तरी गठ्ठे पडून राहतात.

म्हणून मागणी सरळ ठेवा. परवाने नकोत, सेन्सॉर नको, सुरक्षेच्या नावानं कुणाला लिहायला बंदी नको. मालकाचे इतर धंदे आणि पक्ष पहिल्या पानावर, मोठ्या टायपात छापले पाहिजेत. सरकारी जाहिराती कुणाला किती गेल्या ह्याची यादी दर महिन्याला जिल्हा माहिती कार्यालयाच्या भिंतीवर लागली पाहिजे, सोलापुरातही. तो पैसा आपला आहे. विडीवाल्या बाईनं काडेपेटी घेतली तरी ती कर भरते, आणि त्याच पैशातून कंठ दाटल्याचं अख्खं पान छापलं जातं.

आणि रे नगरातल्या पोरांनो, तुमच्या वसाहतीत पाणी किती दिवसाआड येतं, शहरातल्या कामावर जायला भाडं किती पडतं, हजार विड्यांना हातात खरे किती पडतात, हे कुठल्याच मालकाचा वार्ताहर लिहिणार नाही. मायबहिणींना विचारून लिहा, तारखेनिशी, आकड्यानिशी. शुद्धलेखनाची फिकीर करू नका. पुढच्या अंकात चार पानं तुमच्यासाठी मोकळी ठेवली आहेत.