‘सर्व्हर डाऊन’ म्हणजे नेमके काय? सुरू होतानाच अडखळणाऱ्या वेबसाइटची गोष्ट

शिरूर आणि दौंडमध्ये सातबारा, उत्पन्नाचा दाखला किंवा पीक पाहणीसाठी मोबाइल हातात घेतलेल्या कोणालाही दोन शब्द पाठ असतात : ‘सर्व्हर डाऊन’. कोणी म्हणते गर्दी झाली, कोणी म्हणते लाइट गेली. दोन्ही कारणे खरी असू शकतात. पण कधी कधी मशीन धडधाकट असते, नेटही चालू असते आणि बिघडलेली असते ती फक्त एक छोटी फाइल. तिला कॉन्फिगरेशन फाइल म्हणतात.

१८ नोव्हेंबरला काय घडले?

१८ नोव्हेंबर २०२५ रोजी संध्याकाळी पाचच्या सुमारास एक्स आणि चॅटजीपीटी जगभर उघडेनासे झाले. क्लाउडफ्लेअर ही कंपनी असंख्य वेबसाइटच्या दारात पहारेकऱ्यासारखी उभी असते. भेट देणारा माणूस आहे की बॉट, हे ओळखण्याच्या निकषांची तिची एक फाइल दर पाच मिनिटांनी नव्याने तयार होऊन सगळ्या सर्व्हरवर जाते. त्या दिवशी डेटाबेसच्या परवानग्या बदलल्यामुळे फाइलमध्ये त्याच नोंदी पुन्हा आल्या आणि तिचा आकार दुप्पट झाला. ती वाचणाऱ्या प्रोग्रॅमची मर्यादा होती २०० निकषांची. आकडा ओलांडताच प्रोग्रॅम कोसळला. गंमत म्हणजे सुरुवातीला फाइल एकदा चांगली, एकदा खराब बनत होती. साइट मध्येच सुरू व्हायची, पुन्हा बंद पडायची. त्यामुळे कंपनीला आधी हा सायबर हल्लाच वाटला. रात्री आठच्या सुमारास बरेचसे सुरळीत झाले, पूर्ण दुरुस्तीला साडेदहा वाजून गेले.

ही फाइल करते काय?

दौंड जंक्शनचे उदाहरण घेऊ. रेल्वेत गाडी निघण्यापूर्वी लोको पायलटच्या हाती कॉशन ऑर्डर दिली जाते : अमुक टप्प्यात काम सुरू आहे, वेग इतकाच ठेवा. इंजिन तेच, रूळ तेच. कागद मात्र रोजच्या परिस्थितीनुसार वेगळा. वेब अ‍ॅपचेही तसेच आहे. मूळ प्रोग्रॅम एकच, पण डेटाबेसचा पत्ता, पासवर्ड, पेमेंट गेटवेची चावी, किती सेकंद वाट पाहायची, या गोष्टी बाहेरच्या फाइलमध्ये असतात. चाचणीच्या सर्व्हरवर एक फाइल, खऱ्या सर्व्हरवर दुसरी.

अ‍ॅप सुरू होताना आधी स्वतःची ठरलेली मूल्ये घेते, मग फाइल वाचते. त्याच सर्व्हरवर वेगळी मूल्ये नोंदवलेली असतील, तर सहसा तीच वरचढ ठरतात. त्यामुळे ‘फाइलमध्ये तर बरोबर लिहिले आहे’ असे म्हणत इंजिनीअर तासभर डोके खाजवतो आणि चूक भलतीकडेच निघते. चुकाही किती क्षुल्लक! वायएएमएल प्रकारच्या फाइलमध्ये डावीकडची मोकळी जागा कमी-जास्त झाली तरी अर्थ बदलतो. पासवर्डमध्ये हॅशचे चिन्ह असेल, तर काही ठिकाणी तिथून पुढचा भाग शेरा समजून सोडून दिला जातो.

चूक आज, फटका दोन महिन्यांनी

क्लाउडफ्लेअरची फाइल चालू प्रोग्रॅम पुन्हा पुन्हा वाचत होता. बहुतेक साधी वेब अ‍ॅप मात्र फाइल एकदाच, सुरू होताना वाचतात. म्हणजे आज कोणी चुकीची ओळ लिहिली, तरी साइट जुन्याच मूल्यांवर मजेत चालत राहते. दोन महिन्यांनी सर्व्हर रिस्टार्ट झाला की ती आडवी होते. तोवर ओळ लिहिणाऱ्याची बदली झालेली असते आणि ठपका येतो गर्दीवर. पत्रकारितेत येण्यापूर्वी एका कंपनीत असा रविवार मी काढला आहे. शेवटी सापडली ती एक जादाची मोकळी जागा.

यावर उपाय माहीत असलेला आहे. अ‍ॅपने सुरू होतानाच प्रत्येक मूल्य तपासावे, गडबड असेल तर ‘पेमेंटची चावी नाही’ असे स्पष्ट सांगून थांबावे. तसे न करता अ‍ॅप सुरू झाले, तर चूक उघड होते ती शेतकऱ्याने सातबाऱ्याचे १५ रुपये भरताना. पण नुसते थांबून पुन्हा सुरू होणेही पुरेसे नाही. १२ जून २०२५ रोजी गूगल क्लाउडमध्ये एका नोंदीतले काही रकाने रिकामे राहिले. ते वाचताच प्रोग्रॅम बंद पडे, सुरू होई, पुन्हा बंद पडे. मोठ्या केंद्रात तर सगळे एकदम उठू लागल्याने पुढच्या यंत्रणेवर भार आला आणि दुरुस्ती आणखी लांबली.

क्लाउडफ्लेअरने कारण त्याच दिवशी जाहीर केले. आपल्याकडच्या सेवा ‘तांत्रिक अडचण’ एवढ्यावर विषय मिटवतात, हे खटकते. शिरूरला खेडेगावातून कामाचा दिवस मोडून आलेल्या माणसाला तासाभरात सुरू होईल की उद्या यावे लागेल, एवढे तरी कळायला हवे.

तुम्ही काय कराल?

स्क्रीनवरचा आकडा पाहा. ५०२ बऱ्याचदा सांगतो की दारातला सर्व्हर जागा आहे, पण मागचे अ‍ॅप उठलेले नाही. सारखे रिफ्रेश करून उपयोग नाही, अर्ध्या तासाने पाहा. ५०३ म्हणजे सेवा तात्पुरती बंद किंवा भार जास्त. ५०४ असेल तर मागून उत्तर वेळेत आलेले नाही. पैसे कापले गेले असतील तर लगेच दुसऱ्यांदा भरू नका. आधी व्यवहाराची स्थिती तपासा. आणि मुदतीचा शेवटचा दिवस असेल, तर तारीख-वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट काढून ठेवा.