झोपेच्या औषधाची चाचणी : सही करण्यापूर्वी

गेल्या काही आठवड्यांत झोपेविषयी आलेली पत्रे एकत्र बांधली तर एक चोपडी होईल. बहुतेकींची तक्रार एकच : अंथरुणाला पाठ टेकली की झोप पळते, आणि चुकून डोळा लागलाच तर पहाटे तीनला टक्क जाग. एका पत्राचा विषय मात्र वेगळा आहे, म्हणून आज तेच घेते.

मिरजेच्या या भगिनी सत्तेचाळीस वर्षांच्या आहेत. वर्षभर झोपेचा खेळखंडोबा. पुण्याच्या एका रुग्णालयात निद्रानाशावरच्या नव्या औषधाची चाचणी चालू आहे, तुम्हाला भाग घेता येईल, असे त्यांना डॉक्टरांनी सुचवले आणि घरात तट पडले. सासूबाई म्हणतात, “आपण काय उंदीर-ससे आहोत?” मुलगी म्हणते, “औषध फुकट मिळतंय तर घे की!” आणि यजमान म्हणतात, “तू नको काळजी करू, सही मी करतो.”

बाई, सासूबाईंचे अगदीच चुकले नाही आणि मुलीचे अगदीच बरोबर नाही. यजमानांचे मात्र साफ चुकले. संमतिपत्रावर सही तुमचीच हवी. शुद्धीवर असलेल्या, समजत्या-सवरत्या बाईच्या वतीने नवऱ्याने संमती देण्याची सोय कायद्यात नाही. घरच्यांशी सल्लामसलत जरूर करावी. पण गोळी तुमच्या पोटात जाणार आहे, त्यांच्या नव्हे.

सासूबाईंची भीती कुठून येते हेही समजून घ्या. १९५७ साली पश्चिम जर्मनीत थॅलिडोमाइड नावाचे औषध बाजारात आले. शांत झोप देणारे, अगदी निर्धोक, अशी त्याची जाहिरात. गरोदर बायकांनी ते मळमळीवरही घेतले. १९६१ च्या नोव्हेंबरात तिथे ते मागे घेतले गेले, पण तोवर घात झाला होता. जगभर दहा हजारांहून अधिक मुले हातापायांत व्यंग घेऊन जन्मली. चाचण्यांचे नियम कडक झाले ते त्यानंतर.

त्या धसक्याने पुढे दुसरे टोक गाठले. १९७७ साली अमेरिकेच्या औषध-प्रशासनाने मूल होण्याच्या वयातल्या बायकांना सुरुवातीच्या चाचण्यांतून वगळायला सांगितले, आणि हे धोरण बदलायला १९९३ उजाडले. हेतू चांगला, पण बायकांच्या शरीरात औषध कसे वागते याची माहिती तोकडी राहिली. झोपेच्याच गोळीचे उदाहरण घ्या. झोल्पिडेमला तिथे १९९२ मध्ये परवानगी मिळाली. बाईला काय नि पुरुषाला काय, मात्रा एकच : दहा मिलिग्रॅम. बायकांच्या शरीरातून हे औषध सावकाश बाहेर पडते, सकाळी गाडी चालवताना धोका व्हावा इतके ते रक्तात उरू शकते, म्हणून बायकांची मात्रा निम्मी, पाच मिलिग्रॅम, करायला लावली ती २०१३ मध्ये! वीस वर्षे कित्येकींनी दुप्पट गोळी गिळली. तेव्हा चाचणीत आपण बायका असणे, आणि आपले आकडे वेगळे पाहिले जाणे, ही काही रिकामटेकडी गोष्ट नाही.

पण आता मुलीला सांगा : चाचणी म्हणजे फुकटचा उपचार नव्हे. तिथे डॉक्टरांना एका प्रश्नाचे उत्तर हवे असते. तुम्हाला झोप लागली तर तो तुमचा लाभ. कोणाला औषध आणि कोणाला तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी, हे चिठ्ठ्या टाकावे तसे ठरते. बऱ्याचदा ते डॉक्टरांनाही ठाऊक नसते. अश्वगंधेवरची एक भारतीय चाचणी २०१९ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात साठ जण होते. चाळीस जणांना अश्वगंधा, वीस जणांना नुसती कॅप्सूल, तीही दहा आठवडे. अश्वगंधेच्या गटाला अधिक गुण आला. (म्हणून लगेच चूर्णाचा डबा आणू नका, आधी डॉक्टरांना विचारा.) त्या वीस जणांत आपण असू शकतो, ही तयारी ठेवूनच जावे.

आणि खेपा! त्याचा विचार कोणी करीत नाही. रोज सकाळी उठल्याबरोबर किती वाजता पडलो, कितीदा जाग आली हे वहीत टिपायचे. मध्येच रक्ततपासणी. काही चाचण्यांत डोक्याला तारा लावून एखाद-दोन रात्री रुग्णालयात झोपावे लागते. परक्या खाटेवर, तारांच्या जंजाळात कसली झोप लागणार म्हणा! त्या दिवशी डबे कोण करणार, मिरज-पुणे गाडीभाडे कोण देणार, हे आधी विचारा. विचारायला लाजू नका. पैशांबद्दल काय ठरले आहे ते माहितीपत्रकात लिहिलेले असले पाहिजे.

चाचणी खरी की खोटी, हे घरबसल्या पाहता येते. आयसीएमआर या सरकारी संस्थेने २००७ च्या जुलैत चाचण्यांची एक राष्ट्रीय नोंदवही सुरू केली, तिला सीटीआरआय म्हणतात. १५ जून २००९ पासून औषधांच्या चाचण्यांची तिथे आधी नोंद करणे सक्तीचे आहे. मुलीला मोबाइलवर ही नोंदवही उघडायला सांगा आणि ‘इन्सोम्निया’ हा शब्द इंग्रजीत घालायला लावा. चाचणी कुठे चालू आहे, कोणत्या वयाच्यांना घेतात, भरती चालू आहे की संपली, एथिक्स कमिटीची मंजुरी आहे का, सारे तिथे मिळेल. गोळ्यांच्याच नव्हे, योगाच्या आणि आयुर्वेदाच्या चाचण्याही दिसतील. नोंदणी क्रमांक सांगायला कोणी टाळाटाळ केली तर पदर झटकून परत या.

त्याआधी एक. आठवड्यातून तीन रात्री, असे तीन महिने चालले तर तो जुनाट निद्रानाश. पण सत्तेचाळिशीत रात्री घाम फुटून जाग येते का, थायरॉईड, रक्तातले लोह, घोरणे, हे तपासले का? गोळ्यांवाचूनचा सीबीटी-आय नावाचा उपचारही आहे. झोपेच्या वेळा आणि सवयी पद्धतशीर बदलण्याचा तो उपचार. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१६ मध्ये तोच सर्वांत आधी द्यावा असे सांगितले. तो कधी करून पाहिला नसेल तर मी आधी त्याची चौकशी करीन, चाचणीची मागाहून. आणि चाचणीत घ्यावे म्हणून आधीची झोपेची गोळी स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका; झोप आणखी बिघडते.

जायचेच ठरले, तर माहितीपत्रक मराठीतून मागा आणि घरी आणून दोन दिवस वाचा. “लवकर सही करा, जागा भरतायत,” असे म्हणणाऱ्याला सही देऊ नये. २०१९ च्या नियमांप्रमाणे नव्या औषधाच्या चाचणीत इजा झाली तर उपचार मोफत, आणि इजा चाचणीमुळेच झालेली असेल तर भरपाईही. मधूनच सोडावेसे वाटले तर कारण न देता सोडता येते, त्यासाठी नेहमीचे उपचार कोणी अडवू शकत नाही. मात्र सोडताना डॉक्टरांना कळवा, गोळी थांबवायची रीत ते सांगतील.

सही केलेल्या संमतिपत्राची एक प्रत तुम्हाला मिळालीच पाहिजे. ती रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा, आणि त्यावरचा डॉक्टरांचा व कमिटीचा फोन नंबर यजमानांनाही लिहून द्या. त्यांना काही करायचेच आहे तर रात्री-अपरात्री तो लावायचे काम त्यांच्याकडे सोपवा.