बटाट्याचा हिशेब



वडापावमधला बटाटा आपण नेहमी खातो, पण पिकवणाऱ्याच्या पदरात काय पडते ते पाहत नाही. शेजारच्या पुणे जिल्ह्यात, आंबेगाव तालुक्यातील सातगाव पठार हा पावसावरच्या बटाट्याचा जुना भाग आहे. जून-जुलैत लागवड, साधारण तीन महिन्यांनी काढणी.

या पिकाचे बियाणे म्हणजे बटाटाच. ज्वारीला एकरी ४ किलो बी पुरते. बटाट्याला ६ ते ८ क्विंटल बेणे लागते, आणि ते बरेचसे पंजाबातून येते. म्हणजे पीक दिसण्याआधीच घरातला पैसा मातीत जातो. पावसाळ्यात कापलेली फोड सडण्याची भीती, म्हणून अख्खे बेणे बरे. महिन्याने मातीची भर द्यावी लागते. उघडा पडलेला बटाटा उन्हाने हिरवा होतो आणि तो खाण्यास अपायकारक असतो. काढणीला पुढे नांगर चालतो, मागे बाया दिवसभर वाकून वेचतात. मोठा, मध्यम, बारीक असा निवडतात. नांगर लागलेला बाजूला टाकतात, कारण एक सडका सारा ढीग नासवतो.

आयर्लंड देशात १८४५ साली बटाट्यावर करपा पडला. तेथील गरीब कुटुंबे जमीनदाराच्या तुकड्यावर बटाटा लावून त्यावरच जगत. धान्य पिकले तरी ते खंडापायी जाई. पीक गेले आणि पुढच्या काही वर्षांत सुमारे १० लाख माणसे भुकेने व रोगराईने मेली. जवळजवळ तितकीच देश सोडून गेली. त्याही काळात धान्याची जहाजे बाहेर जातच होती!

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९१८ साली लहान शेतजमिनींवर निबंध लिहिला. जमीन पुरेशी की अपुरी हे नुसत्या एकरांवर ठरत नाही. तिच्यावर लागणारे भांडवल, अवजारे आणि श्रम यांच्या प्रमाणावर ठरते, असे त्यांनी मांडले. बटाट्याला हे तंतोतंत लागू पडते.

म्हणून ज्यांच्याकडे एक-अर्धा एकर आहे, त्यांनी सगळे रान बटाट्याखाली घालू नये. घरापुरती बाजरी, मटकी ठेवावी. बेणे उधार आणण्याआधी बेणे, खत, औषध, गाडीभाडे वहीत मांडावे. शाळेत जाणाऱ्या मुलीकडून बेरीज करून घ्यावी. आणि घरच्या बाईने वेचणीला दिलेले दिवसही मजुरीच्या दराने त्यात धरावेत. ते धरले नाहीत, तर वहीतला नफा खोटा आहे.