बोंडूचा मान

कुंकळ्ळीच्या औद्योगिक वसाहतीत तयार होणारी पॉल जॉन ही सिंगल माल्ट २०१२ साली लंडनच्या बाजारात उतरली आणि जगभरच्या व्हिस्कीच्या दुकानांत गोव्याचं नाव पोचलं. त्याआधी, २००४ मध्ये, बंगळुरूच्या अमृतने ग्लासगोत हेच धाडस केलं होतं. या दोघांबद्दल मला आदर आहे. मळीच्या स्पिरिटला रंग-वास देऊन व्हिस्की म्हणून खपवणाऱ्या देशात त्यांनी जवाचं मद्य तांब्याच्या भांड्यात गाळून, ओकच्या पिंपात मुरवून दाखवलं. स्कॉटलंडमध्ये पिंपातलं मद्य वर्षाला दोनेक टक्के उडतं, गोव्याच्या उष्म्यात त्याच्या कितीतरी पट. पण त्याच उष्म्याने ते लवकर मुरतंही.

मात्र तो जव गोव्यात पिकत नाही. तो राजस्थानातून आणि हिमालयाच्या पायथ्याकडून येतो. धुरकट चवीसाठी लागणारं पीट तर स्कॉटलंडहूनच आणावं लागतं. म्हणून ‘गोव्याचं मद्य’ म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढे येते ती सत्तरी तालुक्यातल्या डोंगरउतारावरची, काजूची फेणी गाळणारी भाटी.

काजूचं झाड पोर्तुगीजांनी ब्राझीलहून आणलं, पण फेणी गाळण्याची रीत इथे घडली. फेणीसाठी बोंडू, म्हणजे काजूचं फळ, झाडावरून तोडत नाहीत. पिकून तो आपणहून खाली पडावा लागतो. मार्च ते मे रोज सकाळी घरची माणसं बागेत वाकून बोंडू वेचतात, बी पिरगळून वेगळी काढतात. मग कातळात कोरलेल्या कुंडात बोंडू पायांनी तुडवायचे. आता पुष्कळ ठिकाणी त्यासाठी यंत्र आलं आहे. उरलेल्या चोथ्याचा ढीग वेलीने आवळून त्यावर जड धोंडा ठेवला की जो स्वच्छ रस निथळतो तो नीरो. तो ताजाच प्यायचा. तुडवून निघालेला रस दोन-तीन दिवस आंबवतात. त्यात ना साखर, ना बाहेरचं यीस्ट. फळावर आणि हवेत जे असेल त्यानेच तो आंबतो, त्यामुळे एका डोंगराची फेणी दुसऱ्या डोंगरासारखी लागत नाही.

हा आंबलेला रस भाणात, म्हणजे गाळायच्या भांड्यात, घालून लाकडाच्या आगीवर एकदा गाळला की हुर्राक नावाचं सौम्य मद्य मिळतं, साधारण पंधरा टक्क्यांचं. ते टिकत नाही, उन्हाळ्यातच संपवावं लागतं. आंबलेल्या रसात हुर्राक मिसळून पुन्हा गाळलं की बेचाळीस-त्रेचाळीस टक्क्यांची फेणी. आच कुठे कमी करायची हे जाणता भाटीवाला वासावरून ओळखतो. तीव्रता बघायला बाटली हलवतो आणि बुडबुडे किती वेळ टिकतात ते न्याहाळतो. पिंपाच्या राखणदारीइतकंच हेही कसब आहे, आणि त्याला तोच मान मिळायला हवा.

कायद्याने मात्र फेणीला कित्येक वर्षं देशी दारूतच मोजलं. २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, २०१६ मध्ये गोवा सरकारने तिला वारसा पेय ठरवलं. तरी शहरातली माणसं अजूनही तिच्या वासाला नाक मुरडतात. पीटच्या धुराचं कौतुक करणाऱ्यांनी पिकल्या काजूचा वास वाईट ठरवावा, हे मला पटत नाही.

आणि आमच्या सिंधुदुर्गात? दोडामार्गची सीमा ओलांडली तरी माती तीच, झाडं तीच. वेंगुर्ल्याच्या फळसंशोधन केंद्राने वेंगुर्ला-४, वेंगुर्ला-७ यांसारख्या जाती दिल्या, बागा वाढल्या. शेतकरी बी विकतो. बीपेक्षा कितीतरी पट वजनाचा बोंडू झाडाखाली कुजतो, नाहीतर टेम्पोत बसून गोव्याच्या भाटीवर जातो. २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने काजू आणि मोहापासूनच्या मद्याला देशी दारूच्या वर्गातून बाहेर काढायचं ठरवलं, हे मला मोठं पाऊल वाटलं. दारूने मोडलेली घरं मीही पाहिली आहेत. पण चोरून चालणाऱ्या भट्टीपेक्षा परवाना असलेली, तपासणी होणारी भाटी केव्हाही बरी.

आपल्या मद्याला फेणी म्हणता येणार नाही. ते नाव मानांकनाने गोव्याचं आहे. तेव्हा आपलं नाव आपणच शोधू. खरी काळजी परवान्याची आहे. वेचलेला बोंडू दिवसभरात बिघडायला लागतो, म्हणून भाटी बागेच्या जवळच लागते. परवान्याचं शुल्क आणि अटी एखाद्या बड्या कारखान्याच्या मापाने बेतल्या, तर दूरच्या गावातला बोंडू तिथे पोचेपर्यंत नासलेला असेल. दहा-पंधरा बागायतदारांच्या गटाला परवडेल असा लहान परवाना, तोही काजूच्या हंगामापुरता, एवढंच मागणं आहे. बोंडू पडायला लागायच्या आत तो परवाना हातात यायला हवा.