संगणकातील पाहुणा

माझी भाची अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला शिकते. तिला लिनक्स ह्या कार्यप्रणालीवर प्रात्यक्षिके करावयाची असतात. परंतु घरी लॅपटॉप एकच, त्यावर विंडोज, आणि वडिलांच्या दुकानाचे हिशेब व बँकेचे व्यवहारही त्यावरच चालतात. म्हणून विंडोजला धक्का न लावता तिने ‘व्हर्च्युअलबॉक्स’च्या साहाय्याने त्याच लॅपटॉपमध्ये एक आभासी यंत्र उभारले व त्यात लिनक्स बसविले. ते चालू झाले खरे. पण टंकलेले अक्षर पडद्यावर उमटेपर्यंत थांबावे लागे. यंत्राला बळ यावे म्हणून तिने ८ जीबी रॅमपैकी ६ जीबी त्याच्या वाट्याला दिली आणि प्रोसेसरचे चारही कोअर देऊन टाकले. त्यासरशी लिनक्स तर अडलेच, पण वडिलांचे हिशेबही अडले. कर्ज काढून नवा लॅपटॉप घ्यावा, असे घरात ठरत आले होते. तत्पूर्वी दुखणे कोठे आहे ते पाहावे, असे मी सुचविले. त्या पाहणीतून जे हाती आले, ते अशाच अडचणीत असलेल्या कुटुंबांना उपयोगी पडावे म्हणून येथे देत आहे.

आभासी यंत्र म्हणजे एका खऱ्या संगणकात केवळ आज्ञावलीच्या बळावर उभा केलेला दुसरा संगणक. ही कल्पना आजची नव्हे. आय.बी.एम. कंपनीच्या अमेरिकेतील केंब्रिज येथील केंद्रात रॉबर्ट क्रीझी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सीपी-४० ही प्रणाली तयार केली आणि १९६७ साली ती नित्य वापरात आली. तिच्या योगे एकाच मोठ्या संगणकाचे चौदापर्यंत आभासी संगणक होत, व प्रत्येक जण आपला संगणक स्वतंत्र आहे असे समजून काम करी. १९९९ साली व्हीएमवेअर कंपनीने ही सोय मेजावरील संगणकांवर आणली. पुढे २००५ व २००६ साली इंटेल आणि एएमडी ह्या कंपन्यांनी प्रोसेसरमध्येच तिला आधार दिला, आणि घरगुती संगणकावर आभासी यंत्र चालविणे व्यवहार्य झाले.

येथे एक गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावी. आत बसविलेली प्रणाली ही पाहुणी असून विंडोज ही यजमान आहे. पाहुणीला जे मिळते ते सारे यजमानाच्या कोठारातून. यजमानाची चूल थंडावली तर पाहुणीलाही उपाशीच राहावे लागते. भाचीच्या लॅपटॉपवर नेमके हेच घडले होते.

प्रथम स्मृतीचा, म्हणजे रॅमचा विचार करू. ८ जीबीपैकी ६ जीबी पाहुणीस दिल्यावर विंडोजला २ जीबीच उरली. तेवढ्यात तिचे भागेना, म्हणून ती स्मृतीतील मजकूर डिस्कवर उतरवू लागली. डिस्क ही रॅमपेक्षा कितीतरी मंद असते. शिवाय आपल्या स्मृतीचा काही भाग डिस्कवर गेला आहे, ह्याची पाहुणीला वार्ताही नसते. ती तो भाग मागते आणि ताटकळत बसते. म्हणून यजमानाचे नेहमीचे काम चालू ठेवून किती रॅम मोकळी उरते हे ‘टास्क मॅनेजर’मध्ये पाहावे, व त्या मर्यादेतच पाहुणीचा वाटा ठरवावा. व्हर्च्युअलबॉक्समध्ये रॅम ठरविण्याच्या पट्टीवर हिरवा, नारिंगी व लाल असे भाग असतात. हिरव्या भागाच्या आत राहणे हेच शहाणपणाचे. भाचीने ६ जीबीवरून ३ जीबीवर उतरावे असे ठरले. कमी देऊन काम लवकर कसे होईल, अशी तिला शंका होती. परंतु त्या एका बदलाने निम्मे दुखणे दूर झाले.

प्रोसेसरचेही तसेच. चारही कोअर पाहुणीला दिल्याने ती चौपट वेगाने धावेल, असे वाटणे साहजिक आहे. पण तेच कोअर विंडोजलाही हवे असतात. मग पाहुणीचा एखादा आभासी प्रोसेसर अर्धवट काम हाती धरून थांबतो आणि त्या कामावर अवलंबून असलेले दुसरे नुसते वाट पाहत राहतात. प्रत्यक्ष कोअर जितके असतील त्याहून अधिक प्रोसेसर देऊ नयेत, हा नियम पाळावाच. परंतु घरगुती कामासाठी निम्मे दिले तरी पुष्कळ होतात. येथे दोन ठेवले.

आभासी यंत्राच्या खिडकीच्या तळाशी चिन्हांची एक ओळ असते. तेथे भाचीला एक हिरवे कासव दिसले. हे कासव काही अर्थ सांगत असते. प्रोसेसरची आभासी यंत्रांसाठी असलेली सोय विंडोजच्या ‘हायपर-व्ही’ ह्या यंत्रणेने स्वतःच्या ताब्यात घेतली असून व्हर्च्युअलबॉक्सला तिच्यामार्फत काम करावे लागत आहे, असा तो अर्थ; आणि त्यामुळे वेग पुष्कळदा घटतो. ही यंत्रणा बंद करता येते. परंतु विंडोजची ‘मेमरी इंटेग्रिटी’ नावाची संरक्षक व्यवस्था तिच्यावरच उभी असते, आणि ती बंद केली की संगणकाचे एक कवच निघून जाते. ज्या लॅपटॉपवर घरातील पैशांचे व्यवहार होतात, तेथे थोड्या वेगासाठी कवच उतरविणे आम्हांस योग्य वाटले नाही. कासव तसेच राहू दिले. केवळ अभ्यासासाठी वेगळा संगणक असेल, तर निर्णय वेगळा होऊ शकेल.

पाहुणीला आपण पाहुणी आहोत हे कळले, की तिचे काम सोपे होते. एरवी ती जुन्या धर्तीच्या खऱ्या नेटवर्क-कार्डाशी किंवा डिस्कशी बोलत आहे असे समजते, आणि तिच्या प्रत्येक बारीक हालचालीचे सोंग आज्ञावलीला वठवावे लागते. हा खटाटोप वाचविण्यासाठी ‘व्हर्टिओ’ नावाची सरळ बोलण्याची पद्धत निघाली. रस्टी रसेल ह्यांनी २००८ साली तिचे विवेचन प्रसिद्ध केले. लिनक्समध्ये तिचे ड्रायव्हर अंगभूतच असतात. यंत्राच्या नेटवर्कच्या मांडणीत तो प्रकार निवडला की झाले. पडदा, माऊस व सामायिक फोल्डर ह्यांसाठी ‘गेस्ट ॲडिशन्स’ हा संच पाहुणीत बसवावा.

डिस्कविषयी दोन गोष्टी. आभासी यंत्राची डिस्क ही यजमानाच्या दृष्टीने केवळ एक मोठी फाइल असते. ती फिरत्या हार्ड डिस्कवर असेल, तर तेथून एसएसडीवर हलविल्याने जो लाभ होतो, तसा दुसऱ्या उपायाने क्वचितच होतो. दुसरे असे की, ‘स्नॅपशॉट’ घेतला म्हणजे मूळ फाइल गोठते व पुढील बदल नव्या फाइलीत साठतात. अशा फाइलींची माळ लांबत गेली की एक गोष्ट शोधण्यास अनेक ठिकाणी पाहावे लागते. भाचीने प्रत्येक प्रात्यक्षिकापूर्वी एक स्नॅपशॉट घेतला होता. शेवटचा ठेवून बाकीचे व्हर्च्युअलबॉक्समधूनच काढून टाकले. त्या फाइली हाताने पुसणे मात्र कटाक्षाने टाळावे, कारण त्यामुळे सारे यंत्रच निकामी होते.

शेवटी पाहुणीचा स्वतःचा भार. छायांनी व हालचालींनी नटलेल्या पडद्याऐवजी ‘एक्सएफसीई’सारखा साधा पडदा पुरतो. जेथे छपाई करावयाची नाही तेथे छपाईची सेवा, आणि ब्लूटूथ नाही तेथे ब्लूटूथची सेवा चालू ठेवण्याचे कारण नाही. ‘टॉप’ व ‘फ्री’ ह्या आज्ञांनी कोण किती प्रोसेसर व स्मृती वापरतो ते समजते.

ह्या सर्व खटपटीत एक शिस्त आम्ही पाळली. एका वेळी एकच बदल करावयाचा, लिनक्स सुरू होण्यास लागणारा वेळ घड्याळ लावून वहीत लिहावयाचा, आणि गुण न आल्यास बदल मागे घ्यावयाचा. पाच बदल एकदम केले, तर कोणत्या औषधाने ताप उतरला हे कळत नाही.

नवा लॅपटॉप घेतला नाही. सायंकाळी वडील हिशेब लिहितात, तेव्हा मुलीचे प्रात्यक्षिकही चालू शकते. मात्र त्यांनी ब्राउझरमध्ये पुष्कळ पाने उघडली, की तिला आपले यंत्र बंद करावे लागते. एवढे केल्यावरही ज्यांचे भागणार नाही, त्यांनी लॅपटॉपमध्ये रॅम वाढविण्यास जागा आहे काय हे आधी पाहावे. तो खर्च नव्या यंत्राहून पुष्कळ कमी असतो. पण त्याही आधी, आहे त्याची वाटणी नीट झाली आहे काय, हे अवश्य तपासावे.